सोपा मोड, मुक्काम सातपाटी

त्या दुपारी सुजीत हरला आणि बोटीवर गेला नाही. पण सातपाटीत विचाराल तर असं काही झालंच नाही. तेव्हा मित्रांनो, तुम्हीही हे वाक्य वाचलेलं नाही. सुरुवात इथून आहे.

मी एक जुना गेमचा रिमोट आहे. मारामारीच्या गेमचा. माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या पाठीवर लिहिलं होतं, पण घामाने पुसलं गेलं, त्यामुळे आता मी सातपाटीचाच. बोईसरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून महादूने मला आणलं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा महादू आपल्या पोरांबरोबर खेळायचा. त्याला अवघड चाली जमत नसत, म्हणून त्याच्या मुलीने, उन्नतीने, मला कायमचं सोप्या मोडवर टाकलं. सोपा मोड नवशिक्यांसाठी असतो. त्यात समोरून वार आला की ब्लॉक मी आपोआप करतो. दोन बटणं एकदम दाबली की सगळ्यात मोठा फटका बसतो. जाणती माणसं त्याच फटक्यासाठी सहा-सहा बटणं ओळीने दाबतात आणि अंगठे सुजवून घेतात.

मला एकच गोष्ट येत नाही. कुणी उडी मारून पाठीमागून आलं, तर मला दिसत नाही. बनवणाऱ्यांनी तेवढं दिलंच नाही.

महादू फटका मारायचाच नाही. नुसता ब्लॉक धरून बसायचा.

"बाबा, मार ना!" उन्नती ओरडायची.

"थांब गो बाय. लाट जाऊ दे, मंग."

दोन वर्षांपूर्वी बोट परत आली, महादू आला नाही. माझे सेल काढून मला कपाटात ठेवलं. तिथे मी भरतीच्या वेळी पेटायचो. सेलशिवाय. ओहोटी लागली की विझायचो. याबद्दल कुणी तक्रार केली नाही, म्हणून मीही केली नाही.

यंदा सुजीतने, महादूच्या मोठ्या मुलाने, गोमा तांडेलाला शब्द दिला, की नारळी पुनवेनंतर तुमच्या बोटीवर येतो. त्याची आई हिरा तीन दिवस एकच वाक्य बोलत होती. "तू नाय जायचं." चौथ्या दिवशी दुपारी सुजीत हसला. "आये, गेममदे मला एकदा हरव. एकदाच. मंग नाय जात, बोईसरला कंपनीत लागतो." त्याला अख्ख्या गावात कुणी हरवलेलं नव्हतं.

"आन तो रिमोट," हिरा म्हणाली.

उन्नतीने मला बाहेर काढलं. भरती होती. सेल घालायच्या आधीच टीव्हीवर अक्षरं उमटली : दुसरा खेळाडू तयार आहे.

"सेल घाल ना," सुजीत म्हणाला.

"नको," उन्नती म्हणाली आणि सेल हळूच खाली ठेवले.

तीनपैकी दोन डाव घेईल तो जिंकला. पहिला डाव सुजीतने उभ्या उभ्या घेतला. "कसं दाबू?" हिराने विचारलं. "कसंपन दाब, काय फरक नाय पडत." आता हिरा ही बोंबील वाळत घालणारी बाई. बोंबील एकेकटा टांगत नाहीत. दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात. तिची बोटं सवयीने जोडीनेच पडू लागली. दर वेळी सगळ्यात मोठा फटका. पडद्यावरचा सुजीतचा पैलवान भिंतीतून आरपार गेला.

"आये, अशी नसतात खेळत!"

"तुजी बोंबलं असती तं आतापरेंत सडली असती," हिरा म्हणाली.

दुसरा डाव तिचा. तिसऱ्यात सुजीतने उडी मारली आणि पाठीमागून आला. मला दिसलं नाही. पण ब्लॉक झाला. तो परत आला. ब्लॉक. परत. ब्लॉक. आणि प्रत्येक ब्लॉक जरा जास्त वेळ धरलेला, लाट जाईपर्यंत धरतात तेवढा. मित्रांनो, माझ्या आत काय चालतं ते मला माहीत असतं. हे मी केलं नव्हतं.

"आये, बटण सोड," सुजीत पुटपुटला.

हिराने दोन्ही हात वर केले. मी तिच्या मांडीवर नुसता पडलेला. पडद्यावरचा पैलवान ब्लॉक धरून उभा. माझ्या बटणांच्या फटींतून पाणी आलं. उन्नतीने बोट लावून चाखलं. "खारं हाय."

मग हिराने त्या पाण्यातच दोन बटणं दाबली.

सुजीतने गोमाला फोन लावला. "पोट बिघडलंय."

"किती दिस?"

"कायमचं."

मित्रांनो, जुने रिमोट फेकू नका. पुसून कोरड्या जागी ठेवा. आता माझा अर्ज तेवढा पोचवा.

प्रति, समुद्र. विषय : नवशिक्यांसाठी सोपा मोड सुरू करणेबाबत. महोदय, पाठीमागून येणाऱ्या लाटेकरिता आपल्याकडे आपोआप ब्लॉकची सोय तातडीने करण्यात यावी. सदर सोय पूर्वलक्षी प्रभावाने लागू धरून श्री. महादू यांना घरी पाठविण्यात यावे, ही विनंती.