पोकळ गोल

“वरचे मिळवायचे आणि खालचे मिळवायचे नाहीत, हा कुठला न्याय?” भावजय पेन्सिल चावत पुटपुटली.

तिने एक द्वितीयांश आणि एक द्वितीयांश मिळवून पुन्हा दोन चतुर्थांश आणले होते. नणंदेने चष्मा कपाळावर चढवला. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिच्या वाट्याला आलेली ही एकुलती एक विद्यार्थिनी, आणि तीही सख्ख्या भावाची बायको. कान धरायची सोय नव्हती.

“वॉर्डात सकाळी अर्धी गोळी दिली, संध्याकाळी अर्धी. पेशंटच्या पोटात किती गेली?”

“एक.”

“तुझ्या हिशेबाने अर्धीच गेली.”

“मग उरलेली सिस्टरने खाल्ली असेल, वन्सं.”

आतल्या खोलीत टेबलफॅन उघडून बसलेला भावजयीचा नवरा खुसखुसला.

भावजय इस्पितळात आया होती. चादरी बदलण्यात आणि भांडी उचलण्यात केस पिकले. आयांमधूनच सहायक परिचारिका घ्यायच्या म्हणून परीक्षा निघाली, तेव्हा फळ्यावरची सूचना तिने स्वतः वाचली. परीक्षेच्या दिवशी वय पंचेचाळीसपेक्षा कमी असावे, असं तीत होतं. पंचेचाळीसपर्यंत चालतंय, असं सांगत ती घरभर फिरली. गेल्याच महिन्यात तिला पंचेचाळीस पूर्ण झाली होती.

तिचा अर्थ चुकतोय हे नणंदेला कळलं होतं, नवऱ्यालाही. पण कामावरून आल्यावर पाय चोळत भिंतीकडे बघणारी बाई आता हात धुऊन थेट टेबलाशी येऊन बसायची, मधूनच गुणगुणायची. तिला सांगणार कोण? भावाने बहिणीवर ढकललं, बहिणीने भावावर. नणंद मग अपूर्णांकच घोळवत राहिली, कारण पुढचा धडा असमानतांचा, म्हणजे ‘पेक्षा कमी’ आणि ‘पेक्षा जास्त’चा होता.

आज भावजयीनेच पान उलटलं. अर्ध्या गोळ्यांत जन्म जाईल माझा, म्हणाली, पुढचं घ्या.

तीन क्ष अधिक पाच, वीसपेक्षा कमी. तिने दोन्हीकडून पाच काढले, तीनने भागलं. क्ष पाचपेक्षा कमी. कुणी न सांगता आलेलं हे तिचं पहिलं बरोबर उत्तर. आतून नवऱ्याची शाबासकी आली. खूश होऊन तिने संख्यारेषा ओढली आणि पाचावर चांगला ठसठशीत, भरीव गोल काढला.

नणंदेला तो तसाच सोडता आला असता. पण जन्मभराची सवय.

“तो भरायचा नाही. पोकळ ठेवायचा.”

“का?”

“पाच त्यात येत नाही. पाचाच्या आतले येतात.”

“अगदी काठावर असूनही?”

“काठावर असूनही.”

भावजयीने गोल खोडला. कागदाला लव सुटेपर्यंत खोडला. खोडरबराचा चुरा फुंकरीने उडवला आणि मग हात तसाच टेबलावर राहिला. आतल्या खोलीतला स्क्रू-ड्रायव्हरचा आवाज थांबला.

“यंदा माझ्या वाढदिवसाचं कुणी नाव काढलं नाही,” ती म्हणाली. “मला वाटलं, विसरलात.”

नणंद चष्मा पुसू लागली. स्वच्छ होता, तरी पुसत राहिली. नवरा फॅनचं पातं हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला, आणि बायकोशी नजरानजर होऊ नये म्हणून पात्याकडेच बघत राहिला.

भावजयीने खाली नवी रेषा ओढली. तिच्यावर पंचेचाळीस लिहिलं, गोल काढला, आणि पोकळ ठेवला. वही नणंदेपुढे सरकवली.

“बरोबर?”

“बरोबर.”

“मग मी यात नाही, वन्सं.”