बारा फॉर्म, छत्तीस गुण

खुर्च्यांच्या कारखान्यातल्या स्टोअरकाकांना कोणाला वाईट म्हणता येत नसे. जमतच नसे हो! चोराने घर साफ केलं असतं तरी काका म्हणाले असते, माणूस कामाला वाघ होता. एकोणीस वर्षं त्यांनी स्टोअर सांभाळलं, खिळा न् खिळा चिठ्ठी घेऊन दिला, आणि दोन वर्षांपूर्वी सुपरवायझर अचानक नोकरी सोडून गेला तेव्हा त्याच्या जागी यांना बसवलं. जागा बदलली, माणूस कुठला बदलतोय?

सुपरवायझरला वर्षातून एकदा बारा कामगारांचे फॉर्म भरावे लागत. त्यात एक रकाना होता, ‘स्वभाव: तीन विशेषणे’. मागच्या वर्षी काकांनी पहिल्या फॉर्मवर ‘चांगला, शांत, मेहनती’ लिहिलं आणि उरलेल्या अकरांवर ‘वरीलप्रमाणे’. यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या, रस्त्याकडून वेगळी लिफ्ट असलेल्या ऑफिसातून मॅडमचा कडक कागद आला. एक विशेषण दोनदा वापरायचं नाही. शिवाय एक जागा कमी करायची आहे, कोणाची ते या फॉर्मवरूनच ठरेल.

काकांनी कागद दोनदा वाचला. आपल्या लिहिण्यामुळे कोणाची तरी नोकरी जाणार! त्यांनी मनाशी ठरवलं, बाराही फॉर्म असे गोड भरायचे की वरच्या मॅडमना कोणाला काढणं जड गेलं पाहिजे. म्हणजे छत्तीस चांगले शब्द हवेत. आणि जवळ होते तीन.

घरात सूनबाई शाळेत भाषा शिकवायची. रविवारी सकाळी काका वही घेऊन तिच्यासमोर बसले. ती मटार सोलत होती.

“मेहनतीला दुसरे शब्द सांग.”

“कष्टाळू. उद्योगी. कामसू.”

“वा! आणखी?”

“बाबा, दुकानात आल्यासारखं काय करताय? आधी माणूस कोण ते सांगा, मग शब्द शोधू.”

“माणसं माझ्याकडे आहेत गं. माल तुझ्याकडे आहे.”

सूनबाईने कपाळाला हात लावला, पण सांगत गेली. मनमिळाऊ, दिलदार, समंजस, मितभाषी, हसतमुख, चाणाक्ष. मग म्हणाली, “आता नीट ऐका. समानार्थी म्हटले तरी शब्द अगदी सारखे नसतात. ठाम आणि हेकट, स्पष्टवक्ता आणि फटकळ, काटेकोर आणि किरकिरी. हे शेजारी राहतात, पण एकमेकांकडे जेवायला जात नाहीत. कळलं?”

“कळलं,” काका म्हणाले आणि सहाही शब्द वहीत उतरवून घेतले, जोडीतला पहिला मिळेल त्या रिकाम्या ओळीत, दुसरा तळाशी. सगळे मिळून बरोबर छत्तीस झाले. काकांचा जीव भांड्यात पडला.

पुढे जे झालं ते स्टोअर सांभाळलेल्या माणसाच्याच हातून होऊ शकतं. काकांनी शब्दांचं स्टोअर केलं. वहीत वरून खाली यादी, शब्द दिला की त्यावर रेघ, शिल्लक किती ते बाजूला. फॉर्म घेतले कामाच्या क्रमाने, आधी करवत, मग रंधा, जोडकाम, घासकाम, वेताचं विणकाम आणि शेवटी पॉलिश. ज्याचा नंबर येईल त्याला यादीतले वरचे तीन. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही, तक्रारीला जागाच नाही!

त्यामुळे दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारा रंधेवाला झाला मितभाषी. रोज वीस मिनिटं उशिरा येणारा करवतवाला तत्पर आणि काटेकोर. घासकामवाला ‘तुम्ही म्हणाल तसं’ याच्यापलीकडे कधी वाक्य बोलला नाही, तो ठाम आणि स्पष्टवक्ता. काका खुशीत लिहीत होते. सोमवारी दुपारी बाराला दहा मिनिटं कमी असताना, ऑफिसचा माणूस फॉर्म न्यायला दारात उभा असताना, शेवटचा फॉर्म राहिला. पॉलिशवाल्या मावशींचा.

मावशी सव्वीस वर्षं पॉलिशला होत्या. खुर्चीचा एक पाय कमी घासलेला दिसला तर सगळी खुर्ची मागे पाठवत. मालकांना सुद्धा त्यांनी एकदा ‘आधी हात धुवा, मग हात लावा’ असं सुनावलं होतं. काकांनी वही बघितली. शिल्लक तीन. हेकट, फटकळ, किरकिरी.

“काका, आटपा की!” दारातला माणूस म्हणाला.

काकांनी वही पुन्हा वरपासून खाली चाळली. पण स्टोअरात जे शिल्लक असेल तेच देता येतं, नसलेलं कुठून आणणार? त्यांनी तीन शब्द लिहिले, तीन रेघा मारल्या, आणि हिशेब बरोबर शून्यावर आला म्हणून क्षणभर बरंही वाटलं. बघा म्हणजे!

संध्याकाळी सूनबाईने विचारलं तेव्हा त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं.

“मावशींना किरकिरी?” तिचा आवाज चढला. “बाबा, ठाम, स्पष्टवक्त्या, काटेकोर म्हणजे मावशीच की! त्यांचे शब्द तुम्ही वाटून टाकलेत आणि उरलंसुरलं त्यांच्या पदरात घातलंत. आता त्यांनाच काढतील!”

काकांनी ताट बाजूला सारलं. ज्या बाईच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक खुर्ची बाहेर पडत नाही, तिचीच नोकरी आपण घालवली. सकाळी कारखाना उघडायच्या आत ते तिसऱ्या मजल्यावर हजर.

“मॅडम, मावशींचा फॉर्म चुकलाय. परत द्या.”

“तो एकच तर बरोबर आहे,” मॅडम म्हणाल्या. “बाकीचे अकरा वाचून मला वाटलं, हा कारखाना आहे की संतांचा मेळा? यांचा फॉर्म वाचला आणि माणूस दिसला. अशी बाई खाली असताना काम बिघडायचं नाही. जागा कमी करायची ठरली आहे, पण त्यांची नाही.”

“मग कोणाची?”

“तुमची. अकरा माणसं इतकी गुणी, बारावी इतकी कडक. मग सुपरवायझर हवाय कशाला?”

काका जिना कसा उतरले त्यांनाच ठाऊक. मावशी वाचल्या म्हणून हायसं वाटत होतं आणि आपण गेलो म्हणून रडू येत होतं, दोन्ही एकदम. खाली मावशी पदर खोचून पॉलिशचा डबा ढवळत होत्या. त्यांनी काकांचा चेहरा बघितला आणि दोन मिनिटांत सगळं काढून घेतलं, ते तीन शब्दही.

“हेकट?” मावशी म्हणाल्या. “आहे. फटकळ? तेही आहे. किरकिरी कोणाला म्हणता हो? त्याचं नंतर बघते. आधी वर चला.”

“मावशी, जाऊ द्या ना.”

“हेच! हे ‘जाऊ द्या’च नडलंय तुम्हाला.”

त्यांनी काकांना अक्षरशः ओढत वर नेलं. टेबलावर पॉलिशने माखलेले दोन्ही हात टेकून सुरुवात केली. “मॅडम, हे अकरा फॉर्म खोटे आहेत. करवतवाला रोज उशिरा येतो. रंधेवाल्याची बडबड ऐकून माझे कान किटलेत. घासकामवाला मुखदुर्बळ, आणि विणकरीण एवढी रुसकी की हाक नीट मारली नाही तर दिवसभर पाठ करून बसते. आणि हे काका! भित्रे, भोळे, भिडस्त. पण सकाळी येऊन एकेकाची समजूत घालतात, कोणाला काय हवं ते न मागता पुढ्यात ठेवतात, म्हणून ही सगळी मंडळी एकत्र काम करतात. मला ठेवाल यांच्या जागी, तर आठ दिवसांत एकेक जण पळून जाईल!”

मॅडमनी शांतपणे पेन उघडलं. “हे ठीक झालं. आता मला खरं कळलं. मग यातल्या कोणाला काढू? करवतवाल्याला?”

मावशी अडखळल्या. “तसं नाही... त्याच्या आईला सकाळी तोच उठवून बसवतो. म्हणून उशीर होतो.”

“रंधेवाल्याला?”

“त्याच्यासारखा हात नाही दुसऱ्याचा.”

“विणकरणीला?”

मावशींनी काकांकडे बघितलं. एवढी फाडफाड बोलणारी बाई, पण एक नाव तिच्या तोंडून निघेना. डोळे मात्र भरून आले. काकांनी त्यांना आजवर असं कधी बघितलं नव्हतं, आणि त्यांच्या मस्तकात तिडीक गेली.

“आळशी,” काका म्हणाले.

“कोण, विणकरीण?” मॅडमनी पेन टेकवलं.

“तुम्ही.”

काकांना आता थांबणं शक्य नव्हतं. “बारा जिवंत माणसं खाली काम करताहेत, आणि तुम्ही त्यांना कागदावरच्या तीन शब्दांवरून ओळखायला बघता. मीही तेच केलं, माझंही चुकलं. मी भित्रा, म्हणून खोटं लिहिलं. पण तुम्ही आळशी, म्हणून वाचत बसलात. मला काढायचं तर काढा. पण आधी खाली येऊन बघा.”

मावशींनी टेबलावरचे हात हळूच उचलून पदराला पुसले. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

“काढायचं नाही असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “थांबवते. आठ दिवस.”

आणि खुर्ची मागे सारून उठल्या. दारापर्यंत जाऊन थांबल्या, एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि जरा ओशाळून विचारलं, “कारखान्यात उतरायचा जिना कुठल्या बाजूला आहे?”

सहा वर्षं झाली होती त्यांना त्या ऑफिसात.