डोकं उतरल्यावर

"चिनामी अजून आली नाही?" तोकुझोने विचारलं.

"येईल हो. काम वाढलं असेल," नात्सुए म्हणाली आणि कोमट पाण्यात पूड ढवळत राहिली.

त्यांच्या या मुलीला जाऊन सहा वर्षं झाली होती.

गेल्या महिन्यात दारातला बर्फ उपसताना तोकुझो घसरून पडला. नुसतं टेंगूळ आलं. मग डोकं ठणकू लागलं, पाय अडखळू लागले, आणि आठवणीतून मधली वर्षंच पुसली गेली. कवटीखाली रक्त साकळून मेंदू दाबला जातोय, असं डॉक्टर हिगाकीबाई म्हणाल्या. "शस्त्रक्रियेची घाई नको. गोरेइसान हे वनौषधी चूर्ण देऊन बघू. गुण येतो पुष्कळांना. येईलच असं नाही."

नात्सुएने तोयामा शहरातल्या औषध कारखान्यात तीस वर्षं हेच दालचिनीच्या वासाचं चूर्ण पुड्यांत भरलं होतं. पावसाळी हवेत डोकं धरून बसणाऱ्या शेजारणींना तिनेच ते सुचवलं होतं.

पण आता पुडी फोडताना हात थबकायचा. सहा वर्षं त्या घरात चिनामीचं नाव कुणी काढलं नव्हतं. आता तोकुझो रोज म्हणायचा, "तिच्यासाठी मासा झाकून ठेव गं." आणि नात्सुए ठेवायची.

एका सकाळी तिने पुडी फोडलीच नाही. दुपारी तो डोकं गच्च धरून कण्हायला लागला. तिने धावत जाऊन औषध कालवलं, वाटी त्याच्या ओठांना लावली. "चुकलं माझं," ती पुटपुटली. त्याला काहीच कळलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात डोकं उतरलं. चाल सुधारली. एका संध्याकाळी औषध पिता पिता तो थांबला.

"आपली चिनामी गेली ना?"

"हो."

"मग मी रोज विचारायचो, तेव्हा तू..."

"मला बरं वाटायचं हो."

तो मान खाली घालून रडला. अंत्यविधीलाही तो असा रडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्कॅन झाला. साकळलेलं रक्त निम्म्यावर आलं होतं. "छान गुण आला," डॉक्टर म्हणाल्या. दोघांनी वाकून आभार मानले.

बसथांब्यावर तोकुझोने तिच्या हातातली पिशवी घेतली.

"तिच्या शेवटच्या दिवसाचं सांग," तो म्हणाला. "मी तेव्हा खोलीत आलोच नव्हतो. बाहेरच उभा राहिलो."

बस आली, दार उघडलं, मिटलं, बस निघून गेली. नात्सुए सांगत होती.