बुधवारी दोन ते चार

मी पन्हळ. छपराची नव्हे हं. पावसाचं पाणी माझ्या नशिबी कधी आलंच नाही. माझ्यातून चेंडू घरंगळायचे. आता दमले आहे, तेव्हा जे सांगायचं ते बसल्या जागी सांगते.

दक्षिण कोरियातल्या मोक्पो बंदराजवळ थाक नावाचा म्हातारा सुतार होता. शेजारच्या अपंग केंद्रातल्या पोरांना बोच्या खेळता यावा म्हणून त्यानं मला सरूच्या लाकडातून फुकट घडवलं. खेळ सोपा आहे. आधी पांढरा चेंडू टाकायचा, मग आपले सहा चेंडू त्याच्या जवळात जवळ न्यायचे. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी मी. "आतून अशी गुळगुळीत केलीय की माशीसुद्धा घसरेल," असं म्हणत म्हाताऱ्यानं मला प्यो सरांच्या हवाली केलं. केंद्राचे प्रशिक्षक तेच, गाडी चालवणारे तेच, आणि नळ गळला तर प्लंबरही तेच.

मी ग्युरीच्या वाट्याला आले, दर बुधवारी दुपारी आमचा सराव. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. हातपाय जन्मापासून तिचं ऐकत नाहीत, मान मात्र ऐकते. कपाळाला बांधलेल्या दांडीनं ती चेंडू माझ्या माथ्यावर धरायची आणि मान मागे घेतली की चेंडू सुटायचा. तिनं डोळ्यांनी खुणावलं की मला डावी-उजवीकडे सरकवायला तिची आई असायची.

या खेळाचा एक कडक नियम आहे. मदतनीसानं मैदानाकडे पाठ करून बसायचं. वळून बघायचं नाही, काही सुचवायचं नाही. डाव खेळणाऱ्याचा. त्यामुळे लेकीनं टाकलेला चेंडू कुठे गेला हे आईला लेकीच्या तोंडावर वाचावं लागायचं. भुवया उडाल्या म्हणजे लागला, ओठ मुडपले म्हणजे फुकट गेला. मी दोघींच्या मधे उभी. नऊ वर्षं हे बघितलं, आणि खरं सांगते, मला त्या बाईची दया यायची.

वर्षातून एकदा शहरातल्या एका धर्मादाय संस्थेची मंडळी यायची. माणसं वाईट नव्हती. पोरांना खेळाचे कपडे आणायची, वाफवलेल्या तांदळाच्या वड्या वाटायची, मोठा फलक धरून सगळ्यांना मुठी वर करून "फायटिंग!" म्हणजे 'लढा!' असं ओरडायला लावायची आणि फोटो काढायची. एकदा त्यांनी 'सप्रेम भेट'चा कागद माझ्यावरही डकवला, तोही आतल्या अंगाला, कारण फोटोत तिथेच नीट दिसतो. मी त्यांची भेट नव्हतेच, पण मला कोण विचारतो! त्या दिवशी प्रत्येक चेंडू त्या कागदावर उडी मारून भलतीकडे गेला. आईनं तो घरी नखानं खरवडून काढला.

मागच्या वर्षी अध्यक्ष ग्युरीसमोर वाकून म्हणाले, "अजून काय हवंय बाळ? अगदी मोकळेपणानं सांग."

एकवीस वर्षांची घोडी, पण खुर्चीत बसली की सगळ्यांची बाळच. तिला एक वाक्य बोलायला मिनिट लागतं. फोटोवाला घड्याळ बघू लागला.

"माणूस," ती म्हणाली. "बुधवारी. दोन ते चार. म्हणजे आईला... बाकावर बसून... बघता येईल."

अध्यक्षांचे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू! सचिव मात्र हळूच म्हणाले, "साहेब, आपल्याकडे तरतूद फक्त साहित्याची आहे."

महिन्याभरात नवी पारदर्शक पन्हळ आली. माणूस काही आला नाही.

या एप्रिलमध्ये ग्वांगजूला स्पर्धा होती. ग्युरीनं हट्टानं मलाच नेलं. शेवटचा डाव, शेवटचा चेंडू. तिनं मला केसभर उजवीकडे घ्यायला लावलं. चेंडू माझ्यातून गेला, समोरच्याचा निळा उडवून पांढऱ्याला जाऊन टेकला. सगळं सभागृह एकदम ओरडलं, आणि आई वळली.

पंचांचा हात वर गेला. दंड म्हणून समोरच्या मुलाला जादा चेंडू मिळाला आणि त्या एका चेंडूवर तो जिंकला.

परतताना गाडीत प्यो सर पुटपुटत होते. "ग्युरीच्या आई, नऊ वर्षं दम धरलात, आणखी दोन मिनिटं निघाली नसती?"

"चुकले हो सर." किंबापची भाताची गुंडाळी हातात तशीच धरून ती रडत होती.

"आई," ग्युरी म्हणाली, "दिसला का?"

"दिसला गं. पांढऱ्याला अगदी खेटून बसला होता."

"मग रडतेस काय? खा."

पावसाळ्यात ग्युरीला पलंगावरून उचलताना आईची पाठ गेली. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली, आणि बुधवार बंद पडले. मी गोदामात आले. बाजूला फलकांची भेंडोळी, पलीकडे ती नवी पन्हळ, अजून कागदात गुंडाळलेली. बिचारीनं एक चेंडूसुद्धा पाहिलेला नाही. प्यो सरांचं टेबल भिंतीपलीकडे आहे. दर मंगळवारी त्यांचा फोन वाजतो.

"नाही गं, अजून कोणी नाही मिळालं," सर म्हणतात. मग बराच वेळ ऐकत राहतात, कारण ती हळू बोलते.

काल संस्थेचं पत्र आलं, सरांनी ते मोठ्यानं वाचलं. यंदा तिसरी पन्हळ देणार आहेत.

मला खूप कंटाळा आलाय, पण एवढं मागून घेते. आता आम्हाला बहिणी नकोत. तुमच्यापैकी कोणी मोकळं असेल तर बुधवारी दोन वाजता या. मी हलकी आहे, उचलायला जड नाही. मैदानाकडे पाठ करून बसा आणि त्या पोरीच्या भुवयांकडे लक्ष ठेवा. चेंडू कुठे गेला ते तुम्हाला दिसणार नाही. भिंतीजवळ एक बाक आहे, तिथून सगळं दिसतं. तिथे तिच्या आईला बसू द्या.