विमलाताईंचं आमेन

उन्हाळ्यात मद्रासच्या वेस्ट मांबलममधल्या एका इमारतीच्या बोअरचं पाणी खालावलं आणि भांडण लागलं ते फाटकाबाहेरच्या नळावरून. नळाला पाणी इमारतीच्या बोअरचं, पण पिणारे बाहेरचे: रिक्षावाले, झाडूवाल्या आणि फाटकाशी फुलं विकणारी भवानी. नळ बंद करावा की चालू ठेवावा, यावर रहिवासी निम्मे इकडे, निम्मे तिकडे. मत द्यायचं राहिलं होतं फक्त तळमजल्यावरच्या विमलाताईंचं.

विमलाताई मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती घरातल्या. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी मद्रासला आल्या, आणि तो गेल्यावर परत कुठे जायचं हे न सुचल्यामुळे इथेच राहिल्या. दर रविवारी उपासना झाली की त्या चर्चच्या अभ्यासवर्गात बसत. विषय होता ख्रिस्ती माणूस आणि राज्यकारभार. तरुण पाळक छान बोलत. बहुतेकांचं भलं म्हणजे सर्वांचं भलं नव्हे, म्हणत. समाजाची पारख त्यातल्या सगळ्यात दुबळ्या माणसावरून करायची, म्हणत. विमलाताईंना ते मनापासून पटलं. म्हणून तर त्यांनी विचारलं, की सगळ्यात दुबळं कोण, हे ओळखायचं कसं? कारण खाली भवानी होती आणि दुसऱ्या मजल्यावर वसंता या शेजारणीची सासू, अंथरुणाला खिळलेली, जिला सारखं पुसून काढावं लागे. बोअर आटली की वसंता सकाळी कोपऱ्यावरच्या पाण्याच्या लॉरीपाशी उभी राही आणि घागरी दोन जिने चढवी. पाळक म्हणाले, प्रश्न फार चांगला आहे, पुढच्या रविवारी घेऊ. पुढच्या रविवारी त्यांनी कर भरावा की नाही, हे घेतलं.

सभा गच्चीवर भरली. सेक्रेटरी रामस्वामी भला माणूस, पण ठराव वाचताना त्यांचा आवाज देवापुढे उभं राहिल्यासारखा होई. इंग्रजीतलं लांबलचक वाक्य सावकाश खाली उतरत गेलं. सर्व रहिवाशांच्या हितासाठी बाहेरचा नळ बंद करण्यात यावा, असा त्याचा मतलब. सगळ्यांच्या माना खाली, मोबाइलमध्ये. विमलाताईंचीही मान खाली होती, डोळे मिटलेले होते, कारण त्या अजून ठरवतच होत्या. आवाज थांबला आणि साठ वर्षांची सवय त्यांच्या तोंडून बाहेर पडली.

"आमेन."

रामस्वामींनी आदराने मान डोलावली. मॅडमची संमती, असं म्हणत त्यांनी टिपून घेतलं. अहो, तसं नव्हे, असं विमलाताई म्हणणार होत्या. पण शेजारी बसलेल्या वसंताने त्यांचा हात घट्ट धरला. ती तंजावरची, पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी. बोलताना तमिळ हेल यायचा. "अक्का," ती म्हणाली, "देवानंच वदविलं तुमच्याकडून." आता देवाचं नाव आल्यावर काय बोलणार? विमलाताई गप्प राहिल्या आणि गप्प राहिल्याचं त्यांना रात्रभर टोचलं.

दुसऱ्या दिवशी नळाला कुलूप लागलं. विमलाताईंनी माठ काढला, आपल्या प्यायच्या पाण्याच्या कॅनमधून भरला आणि फाटकाबाहेर ठेवला. तान्हेल्याला पाणी द्या, एवढं तर वचनात स्पष्ट आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. भवानी आली. ओठ सुकलेले. तिने माठातून तांब्याभर पाणी घेतलं आणि सगळंच्या सगळं मोगऱ्यावर शिंपडलं. मग दुसरा तांब्या, तोही फुलांवर. विमलाताई पाहतच राहिल्या. तू पी ना, असं त्या मोडक्या तमिळमध्ये म्हणाल्या. भवानी हसली. फुलं सुकली तर मी पिऊन काय करू, म्हणाली. आणि नळ कुणी बंद केला, हेही तिने सहज विचारलं.

"मी," विमलाताई म्हणाल्या.

भवानीला ती थट्टा वाटली. तिने एक फूल काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

ते फूल मुठीत धरून विमलाताई घरात गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. मत मागे घेतलं तर बोअर आटणार. नाही घेतलं तर माठ पुरणार नाही. पाळकांना फोन करावा, तर ते म्हणतील रविवारी. शेवटी गुडघ्यांवर हात टेकत त्या जिना चढल्या. रामस्वामींच्या दारावरून पुढे गेल्या. त्यांना कळवण्याआधी दुसऱ्या मजल्यावर सांगणं भाग होतं.

वसंताने दार उघडलं, हात ओले. विमलाताईंनी सगळं सांगून टाकलं, की ती संमती नव्हती, नुसती सवय होती, आणि आता मी नळाच्या बाजूने मत देणार आहे. बरोबर की चूक ते मला अजूनही कळत नाही. आतून सासूचं कण्हणं ऐकू येत होतं. वसंताने ओले हात पदराला पुसले.

"घ्या परत," ती म्हणाली. "पण मग लॉरीपाशी माझ्याबरोबर तुम्हीही उभं राहायचं, अक्का. अर्ध्या घागरी तुम्ही चढवायच्या."

विमलाताईंनी त्या दोन जिन्यांकडे पाहिलं. मग "हो" म्हणाल्या. आमेन मात्र त्यांनी मुद्दाम गिळलं.