कमरेच्या उंचीवर

आषाढात जोयडा तालुक्यात पाऊस पाडायला आलेला पहिला माणूस म्हणजे ओंकार सर. वरून खरा पाऊस धो धो पडत होता, पण तो कॅमेऱ्यात दिसत नाही म्हणे. म्हणून त्यांनी शेतालगतच्या व्हाळात, ओढ्यात म्हणा, पंप टाकला, पाइप आंब्याच्या फांदीला बांधला आणि पावसात पाऊस पाडला. आम्ही दोन्ही पावसांत भिजलो. फरक कुणालाच कळला नाही, पंपाचा धूर तेवढा झाला.

सर बेळगावहून आले होते ते माझ्या अक्काच्या, म्हणजे सुनयनाच्या, गाण्याचा व्हिडिओ करायला. गाणं तिनंच रचलेलं, तिनंच म्हटलेलं. भात लावणारी बाई व्हाळाला विनवते की रोपांची शेवटची मूठ लावून होईतो चढू नको, एवढंच त्यात आहे. सरांनी ते बेळगावात रेकॉर्ड केलं, खाली ढमढम घातलं आणि म्हणाले, शूटिंग तुमच्याच शेतात करू.

अक्का तयार झाली ती एकाच कारणानं. खानापूरच्या एका गाण्याच्या पार्टीला गायिका पाहिजे होती. मालकानं सांगितलं होतं, गाताना तोंड दिसेल असा व्हिडिओ पाठवा, कारण लोक दुसऱ्याचा आवाज लावून पाठवतात. अक्कानं मोबाइलवर काढून पाठवला. त्यात आमच्या पत्र्यावरचा पाऊस फार सुंदर गायला होता. मालक म्हणाला, नीट कॅमेऱ्यावर काढा.

"तुझा शॉट घेऊ की," सर म्हणाले. "शेवटी."

अक्काच्या जागी उभी राहायला त्यांनी रक्षा नावाची मुलगी बेळगावहून आणली होती. तिला भात लावणारी बाई व्हायचं होतं. त्यासाठी तिला जे घातलं होतं ते आमच्याकडे भात लावताना कुणी घालत नाही, झोपतानाही घालत नाही. हीरोही आणला होता, पण रामनगर सोडल्यावरच्या वळणांनी त्याला पिळून काढलं आणि तो गाडीतच आडवा झाला. मग सरांची नजर माझ्यावर पडली. मी जोयड्यात झेरॉक्सच्या दुकानात असतो आणि सुगीत पोती वाहतो.

"प्रज्योत, शर्ट काढ."

मी काढला. सर माझ्याभोवती एक फेरी मारून आले. बैल घेताना आमचा मामा अशीच फेरी मारतो, फक्त तो शेवटी दात बघतो. सरांनी दात बघितले नाहीत. त्यांना मानेच्या वरचं काहीच नको होतं.

"पोटावर फरश्या बसवल्यात बघ ह्याच्या," ते कॅमेरावाल्या नागराजला म्हणाले. "तेल लावा ह्याला."

नागराज दांडेलीचा, कमी बोलणारा. सरांनी त्याला कॅमेरा कमरेच्या उंचीवर स्टँडला ठोकायला लावला आणि तिथून हलू दिला नाही. मग सुरू झालं. कंबर, पुढं ये. पोट, मागं सरक. पोट, श्वास सोडू नको. दुपारपर्यंत आमची नावं गेली. चहासुद्धा तसाच आला, कंबरेला बिनसाखरेचा आणि पोटाला दोन बिस्किटं. अक्काचं नाव आवाज पडलं होतं.

रक्षा माझ्या शेजारी कुडकुडत चहा पीत होती. मी विचारलं, "तुला सवय असंल न्हवं ह्याची?"

"लई व्हिडिओ झाले माझे," ती म्हणाली. "परवा बसमध्ये शेजारचा बाबा माझाच बघत बसला होता. आणि मलाच म्हणतोय, जरा सरका की बाई."

तेवढ्यात अक्का सरांपुढे जाऊन उभी राहिली. "सर, माझा शॉट?"

"शेवटी म्हटलं न्हवं, आवाज."

"बरं, एक सांगा. ही बाई व्हाळाला चढू नको म्हणत्याय. मग कंबर कुणाला दाखवत्याय? व्हाळाला?"

"तो फील असतो."

"आणि आमचा प्रज्योत तिथं उघडा कशाला?"

"तो पण फीलच."

"त्यानं नांगर उलटा धरलाय."

"ते कोण बघतंय," सर म्हणाले.

हे मात्र खरं होतं. मी नंतर नांगर सुलटा धरला, तेव्हाही कुणी बघितलं नाही.

मग सरांना मागं खऱ्या बाया पाहिजे झाल्या. रुक्मा आते आणि तिच्या बरोबरीच्या बाया आल्या. गावातलं सगळं लावून झालं होतं, हे एकच खाचर सरांसाठी राखलं होतं. सरांनी बायांना ओळीत, कॅमेऱ्याकडे पाठ करून वाकायला सांगितलं.

"आमचं तोंड न्हाई घेत?" आतेनं विचारलं.

"तोंड नको आजी. नुसतं वाकून राहा."

आता आमच्या बाया चिखलात वाकल्या की रिकाम्या राहत नाहीत. राहता येतच नाही. सर 'पुन्हा' म्हणाले की बाया वाकायच्या आणि एक ओळ लावून टाकायच्या. कधी रक्षाची कंबर उशिरा वळली म्हणून पुन्हा, कधी माझ्या पोटावर माशी बसली म्हणून पुन्हा. सर 'पुन्हा' म्हणत गेले आणि खाचर हिरवं होत गेलं. पंप बंद झाला, खरा पाऊसही उघडला. शेवटी सरांच्या ध्यानात आलं.

"अहो, हे काय केलं? मला मोकळा चिखल पाहिजे. उपटा ती रोपं."

रुक्मा आतेनं कोपऱ्यात शेवटची मूठ लावली आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "लावलेलं उपटत न्हाईत, लेका. संपलं खाचर."

सगळ्या बाया सरळ झाल्या आणि बांधाकडे बघू लागल्या. बांधावर सर उभे होते. पांढरे बूट, पांढरी पँट.

आमच्याकडे गावातलं शेवटचं खाचर लावून झालं की बांधावर जो कोण असेल त्याला बाया बांधालगतच्या चिखलात ओढतात आणि डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखतात. वय बघत नाहीत, पगार बघत नाहीत. एका वर्षी फॉरेस्टचा गार्ड माखला होता. ह्यात रागवायचं नसतं. उलट ज्याला माखलं नाही तो वर्षभर तोंड पाडून फिरतो. हे सरांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी कुणाला काही विचारलंच नव्हतं.

सर चिखलात गेले. हातातला गाण्याचा स्पीकर त्यांच्याबरोबर गेला आणि ढमढम एकदाचं बंद पडलं. मी गेलो. तेलावर चिखल बसेना, म्हणून मला दोनदा माखलं. रक्षाला कुणी ओढलं नाही, ती आपली आपण उतरली आणि चिखलाची पहिली मूठ तिनं स्वतःच्याच पोटावर फासली. नागराजला प्रथा ठाऊक. त्यानं काच तेवढी उघडी ठेवून कॅमेऱ्यावर प्लास्टिक नीट घातलं आणि "मला बी माखा" म्हणत खाली आला. थोड्या वेळात कुणाची कंबर, कुणाचं पोट, काही कळेना. डोळे मात्र सगळ्यांना होते.

खाचर संपल्यावर गायचंही असतं. बाया म्हणाल्या, सुनयना, म्हण. अक्कानं सुरुवात केली आणि तिला कॅमेऱ्यावरचा लाल दिवा दिसला. तो चालूच होता.

"नागराज, मी येते का त्यात?"

नागराजनं जागेवरूनच अंदाज घेतला. "तुमची कंबर येते. आणि ह्या हातानं मी स्टँडला हात लावणार न्हाई."

 मग अक्कानं पदराच्या कोरड्या टोकानं तोंड पुसलं आणि कॅमेऱ्यासमोर चिखलात मांडी घालून बसली. चिखल तिच्या छातीपर्यंत आला, तोंड बरोबर कमरेच्या उंचीवर. नागराजनं मान हलवली. अक्का गाऊ लागली, थांब गे व्हाळा, चढू नको, मूठ राहिली एक.

"आवाज, ऊठ तिथनं," सर चिखलातून म्हणाले. "फ्रेम खराब होत्याय."

रक्षानं त्यांच्या तोंडावर चिखलाचा पंजा ठेवला. "तोंड, जरा थांब."

अक्कानं गाणं शेवटपर्यंत म्हटलं.

सरांचा व्हिडिओ पुढच्या महिन्यात आला. त्यात मी आहे असं मी घरी सांगतो, पण आईला पटत नाही. ती म्हणते, असेल कुणीतरी. नागराजनं अक्काचा तेवढा तुकडा वेगळा काढून दिला होता. तो आम्ही खानापूरला पाठवला आणि संध्याकाळी मालकाचा फोन आला. अक्कानं तो स्पीकरवर लावला.

"गळा चांगला हाय," मालक म्हणाला. "तुमचाच हाय ते दिसतंय. पण बाई, बसलाय तुम्ही. उंची किती?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मग फोनकडे बघितलं.

"बसून गायला किती लागते?"

 मालकानं घसा खाकरला आणि विचारलं, रविवारी येताय काय.