धुळीतला पास

लातूर जिल्हा झाला ते साल १९८२. त्याच्या आदल्या हिवाळ्यात आमचा उस्मानाबाद जिल्ह्याचा मुलींचा बास्केटबॉल संघ साऱ्या मराठवाड्यात पहिला आला होता. पुढच्या हिवाळ्यात मात्र आम्ही पहिल्याच सामन्यात गारद झालो. लोक म्हणाले, पोरींना गर्व चढला.

बाहत्तरच्या दुष्काळात सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन वाढलेल्या आम्ही पोरी, गर्व कुठून आणणार?

सराव मुरुडला, आमच्या शाळेच्या मैदानावर व्हायचा. ढोकीची शिवकांता छोट्या रेल्वेनं यायची. गाडी एवढी हळू, की ती म्हणायची, मधेच उतरून बोरं वेचून परत चढता येतं. धावताना तिच्या उजव्या पायाचा अंगठा जमिनीला घासायचा. धप, धप, सर्र. आम्हाला खेळ शिकवणारे भुजंग सर आपल्या उपरण्यानं माझे डोळे बांधायचे. "बघू नको, सौदामिनी. कान दे." मी आवाजाच्या दिशेनं चेंडू सोडायची आणि तो तिच्या हातात जाऊन बसायचा. त्या काळोखात कसं हलकं हलकं वाटायचं, जणू माझेच हात लांब होऊन तिच्यापर्यंत पोचलेत.

माझे वडील वसंतराव, आमचे अप्पा, मुरुडला पोस्टमास्तर होते. "जिंकताय तोवर खेळ," त्यांनी सांगून ठेवलं होतं. "हरलात की खेळ बंद."

ऑगस्टात जिल्हा फुटला. मुरुड लातुरात आलं, ढोकी तिकडंच राहिली. गावात पेढे वाटले, मीही खाल्ला. नवी हद्द रुळांवर कुठं दिसत नव्हती. गाडी पहिल्यासारखीच यायची, पण शिवकांता उतरायची नाही. संघातल्या निम्म्या पोरी इकडं, निम्म्या तिकडं.

त्या हिवाळ्यात मराठवाड्याची स्पर्धा नांदेडला होती. चिठ्ठ्या टाकल्या तर पहिलाच सामना लातूर आणि उस्मानाबाद. नळाजवळ शिवकांता भेटली.

"काय सौदे, लातूरवाली झालीस! पेढे एकटीनंच खाल्ले व्हय?"

"यायचं होतंस की रेल्वेनं."

"आता पासपोर्ट लागंल न्हाई का!" हसता हसता ती थांबली. "अप्पांचं म्हणणं तेच हाय?"

"तेच."

"मग मी काय मुद्दाम हारू?"

"हरून तर बघ, बोलणार नाही कधी."

पावसानं दगा दिलेलं साल. गोदावरी हाकेवर असून मैदानावर शिंपायला पाणी मिळालं नाही. आम्ही अनवाणी धावलो आणि धूळ डोक्याच्या वर गेली. शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा आम्ही एका गुणानं पुढं होतो आणि चेंडू माझ्याकडं होता. समोर नुसता पिवळा धुरळा, त्यात सावल्या. एवढ्यात डावीकडून आलं, धप, धप, सर्र.

हात आपोआप गेला.

चेंडू शिवकांतानं अलगद झेलला. क्षणभर तिनं माझ्याकडं बघितलं, गेल्या वर्षीसारखंच. मग वळली, सगळं मैदान पळत गेली आणि बास्केट केली.

सामना संपल्यावर रडत ती होती, मी नाही. "तू दिलास म्हणून घेतला गं," म्हणाली.

भुजंग सरांनी उपरणं झटकलं. "पास चांगला होता," एवढंच बोलले.

घरी मी फक्त गुण सांगितले. अप्पांनी मान हलवली. मी खेळाचे कपडे ट्रंकेत घातले.

सर निवृत्तीनंतर किनवटकडच्या एका आश्रमशाळेत पोरींना शिकवत राहिले, तिकडंच गेले. शिवकांता आणखी दोन वर्षं खेळली, मग उदगीरला दिली. किराणा दुकान आहे, गुडघे गेलेत. वर्षातून एकदा येते. जिन्यावर सर्र वाजलं की मी न बघता कडी काढते. मी नांदेडला शाळेत तीस वर्षं शिकवलं, आता विष्णुपुरीला राहते.

अप्पा शेवटी माझ्याकडंच होते. एका दुपारी म्हणाले, "तू खेळणं का सोडलंस गं? बरी खेळायचीस."

"तुम्हीच म्हणाला होता, हरलात की बंद."

"मी?" ते बराच वेळ आठवत राहिले. "असंच म्हणालो असेन."